ठमी मुंगी आणि उलट्या पायांचा दिवा

एक होती मुंगी. नाव तिचं ठमी. केवढी? तिळाएवढी!

ठमीला मिळाला साखरेचा दाणा. जन्मातला पहिलावहिला! एकटीनं उचलला. निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत विसूकाकांचं टेबल. काकांनी आणलं होतं दिव्याचं किट. घरी बसून जोडायचं, बरं का!

अबब! टेबलावर हिरवी पाटी. पाटीवर चंदेरी रस्ते. रस्त्याकडेला रंगीत पट्ट्यांची पिंपं. मध्ये एक काळा किडा. पाय भरपूर, पण हलतोय कुठे!

बघता बघता ठमीनं वासला आ. आणि दाणा?

टप्प! टुणुक टुणुक टुणुक... गेला किटच्या खोक्यात!

खोक्यात अंधार. काळामिट्ट. दाणा काही दिसेना.

ठमी गेली इवल्या दिव्याकडे. तुरुतुरु.
"दिव्या, दिव्या, लाग ना! माझा दाणा सापडत नाही!"
दिवा म्हणाला, "एक पाय लांब, एक आखूड. काकांनी घातले उलटे! वर कथलानं चिकटवले. कथील सोडत नाही. मी नाही लागत, जा!"

ठमी गेली कथलाकडे. तुरुतुरु.
"कथला, कथला, सोड ना!
दिव्याचे पाय उलटे,
दिवा लागत नाही,
माझा दाणा सापडत नाही!"
कथील म्हणालं, "सोल्डरगन मला वितळवत नाही. मी नाही सोडत, जा!"

ठमी गेली सोल्डरगनकडे. तुरुतुरु.
"गनबाई, गनबाई, ताप ना!
कथील सोडत नाही,
दिव्याचे पाय उलटे,
दिवा लागत नाही,
माझा दाणा सापडत नाही!"
गनबाई म्हणाली, "काका बटण दाबत नाहीत. मी नाही तापत, जा!"

ठमी गेली काकांकडे. तुरुतुरु.
"काका, काका, बटण दाबा ना!
गनबाई तापत नाही,
कथील सोडत नाही,
दिव्याचे पाय उलटे,
दिवा लागत नाही,
माझा दाणा सापडत नाही!"
काका म्हणाले, "उलटे? माझ्या हातून? छे! दिवाच वेडा. मी नाही दाबत, जा!"
काका फार हुशार हो. फारच!

ठमी गेली इंदूकाकूंकडे. तुरुतुरु.
"काकू, काकू, काकांना सांगा ना!
काका बटण दाबत नाहीत,
गनबाई तापत नाही,
कथील सोडत नाही,
दिव्याचे पाय उलटे,
दिवा लागत नाही,
माझा दाणा सापडत नाही!"
काकू म्हणाल्या, "हळू बोल गं बाई! मांडीवर मनी झोपलीय. मनी उठत नाही. मी नाही हलत, जा!"

ठमी गेली मनीकडे. तुरुतुरु.
"मनीताई, मनीताई, ऊठ ना!
काकू हलत नाहीत,
काका बटण दाबत नाहीत,
गनबाई तापत नाही,
कथील सोडत नाही,
दिव्याचे पाय उलटे,
दिवा लागत नाही,
माझा दाणा सापडत नाही!"
मनी म्हणाली, "घुर्रर्र... घुर्रर्र..."

आता? आता कोणीच उरलं नाही.

ठमी शिरली मनीच्या कानात. तुरुतुरु. गुदुगुदु. गुदुगुदु!

म्यॅऽऽव! मनी उठली टण्णकन.
काकू हलल्या. टेबलाशी गेल्या. वाकून बघितलं.
"अहो हुशार! पाय उलटेच आहेत की!"
"कुठे? दाखव! ...अरेच्चा!"
काकांनी बटण दाबलं. खट्!
गनबाई तापली. सुर्रर्र!
कथील वितळलं. दिवा सुटला.
काकांनी दिवा फिरवला, पाय सरळ घातले, पुन्हा चिकटवला.

आणि मग...

लख्ख!

लाल लाल उजेड! हिरवी पाटी उजळली. चंदेरी रस्ते चमचमले. खोकं सगळं लालेलाल. आणि कोपऱ्यात साखरेचा दाणा. दाण्याच्या पोटातसुद्धा एक दिवा! इवलासा. लुकलुक लुकलुक.

मनी टकमक बघतेय. काकू टकमक बघतायत. ठमी तर हलेचना.
काका हळूच म्हणाले, "अगं... लागला."

ठमीला मिळाला दाणा.
काकांना मिळाला उजेड.
मनीला मिळाली मांडी.
आणि काकूंना?
काकूंना मिळाले काका! आता काय करणार!