पाण्यात बसलेली आवडी

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर होडीत बसून भरतीची वाट बघावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या अलीकडे हुरमाळे, पलीकडे कोंडसर. दोन्ही गावांच्या कडेनं कांदळांचं दाट रान होतं. कांदळ खाऱ्या चिखलात वाढतं. त्याची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर येतात आणि मग चिखलात उतरतात. ओहोटीला बघावं, तर सगळं रान पाय रोवून उभं राहिल्यासारखं दिसायचं.

आवडी ही कोंडसरची लेक. साबाजीशी लग्न होऊन ती हुरमाळ्यात आली. ओहोटी लागली की कमरेला पाटी लावून ती चिखलात उतरायची, मुळांना चिकटलेली कालवं काढायची, तिसऱ्यांचे शिंपले वेचायची. असं म्हणतात, की चिखलात तिचं पाऊल कधी रुतलं नाही आणि कुर्लीच्या नांगीनं तिचं बोट कधी धरलं नाही.

त्या दिवसांत आप्पा खोतांनी कोंडसरला चुन्याची भट्टी घातली. शिंपले भाजून चुना करायचा, तर लाकूड हवं. कांदळाचं लाकूड चांगलं पेटतं आणि ते दाराशीच होतं. कोंडसरच्या पुरुषांनी कोयते उचलले. मजुरीला तांदूळ मिळायचे. त्या वर्षी कोंडसरात चुली दोन्ही वेळा पेटल्या आणि कोणीही आप्पांना वाईट म्हटलं नाही.

किनारा उघडा पडला. मग भातकापणीच्या तोंडावर वादळ आलं. आधीही वादळं यायची, पण खाडीचं पाणी रानातच दमून जायचं. या वेळी त्याला अडवायला कोणी नव्हतं. ते बांध फोडून शेतात आलं, शेतातून अंगणात आलं आणि अंगणातून विहिरीत उतरलं. उभं भात कुजलं. पुढच्या वर्षी त्या खारट मातीत गवतसुद्धा उगवलं नाही. कोंडसरची माणसं एकेक करून गाव सोडून गेली.

आवडीची आई जनाई एक तांब्या आणि एक गाठोडं घेऊन लेकीकडे आली. पहिले काही दिवस ती पाणी पिण्याआधी जिभेवर एक थेंब ठेवून बघायची आणि मगच पुढचा घोट घ्यायची. आवडी ते बघायची आणि तोंड फिरवायची.

पलीकडचं लाकूड संपलं तसे आप्पा खोत अलीकडे आले. अमावास्येच्या उधाणाला त्यांचा पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, लाकूड भरायला येणार होता. त्याआधी ओहोटीत हुरमाळ्यातल्या पुरुषांनी तोड करून ठेवायची आणि मजुरीला तांदूळ घ्यायचे, असं ठरलं. साबाजीनंही कोयत्याला धार लावली.

"अवो, तुमीसुद्धा?" आवडीनं विचारलं.

"मगे काय करू?" साबाजी खाली बघूनच बोलला. "सगळे जातहत. घरात तीन तोंडा आसत."

आवडी घरोघर गेली. बायकांनी तिचं ऐकून घेतलं, पण हो कोणी म्हणालं नाही. एकीनं तर विचारलं, "गो आवडी, तुजा सगळा बरोबर. पण पोरांच्या ताटात काय वाडू, ता सांग." आवडी परत फिरली.

दुसऱ्या दिवशी घागर घेऊन ती होडीत बसली आणि कोंडसरला गेली. रिकाम्या गावातून चालत आपल्या माहेरच्या विहिरीवर पोचली. घागर भरून परत आली आणि पुन्हा घरोघर फिरली. या वेळी ती बोलली काहीच नाही. ज्या घरी जाईल तिथल्या बाईच्या ओंजळीत कोंडसरचं पाणी घातलं. बाईनं घोट घेतला आणि थुंकून टाकला, की आवडी पुढच्या दाराशी. असं म्हणतात, की सारं हुरमाळे फिरून झालं तरी ती घागर रिती झाली नाही.

अमावास्येला ओहोटी लागली. पुरुष कोयते घेऊन खाली उतरले, तर आवडी एका मोठ्या कांदळाच्या मुळांत चिखलात बसलेली. तिच्याशेजारी म्हातारी जनाई. पुरुष थबकले. मग गावाकडून एक बाई आली आणि दुसऱ्या झाडाखाली बसली. मग आणखी एक. ताटात काय वाढू असं विचारणारीही आली. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी पुरुषांना बोल लावला नाही. त्या नुसत्या बसल्या. एकेका झाडाला एकेक बाई. बाईवर कोयता कसा चालवायचा? पुरुष ओल्या काठावर उभे राहिले.

दिवस वर आला. भरती लागली. उधाणाच्या पाण्यावर आप्पा खोतांचा पडाव आला. लाकूड कुठेच नाही, झाडं उभीच, आणि झाडांखाली बायका कमरेपर्यंत पाण्यात.

"ह्या काय चाललाहा?" आप्पा पडावावरून ओरडले. "भट्टी बंद पडली तर खातलात काय?"

"ह्या मुळांत जा मिळता ता खातलंव," आवडी म्हणाली. "कमी खातलंव. कोंडसरात आता कोण काय खाता?"

पाणी चढत होतं. ते छातीला लागलं, मग गळ्याला. उधाणाची ओढ मोठी असते, चांगला पोहणारा माणूसही त्यात टिकत नाही. पण असं म्हणतात, की त्या दिवशी कांदळांची मुळं हलली आणि त्यांनी एकेका बाईच्या कमरेला विळखा घालून तिला धरून ठेवलं. म्हातारी जनाईसुद्धा जागची हलली नाही.

"वर येवा गे! मरशात!" आप्पांचा आवाज आता बदलला होता.

"आदी पडाव फिरवा," आवडी म्हणाली.

तेवढ्यात काठावरून कोणीतरी पाण्यात उतरलं. तो साबाजी होता. त्यानं कोयता खोल पाण्यात भिरकावला, आवडीजवळ आला आणि तिच्याच मुळाला धरून बसला. त्याच्यामागून बाकीचे पुरुष आले. आता सारं हुरमाळे पाण्यात होतं आणि कोरडे तेवढे आप्पा खोत.

पाणी आवडीच्या हनुवटीला टेकलं आणि जुनी माणसं सांगतात, तिथंच थांबलं. भरती पुरी व्हायला अजून अवकाश होता, पण ते वर चढलं नाही. आप्पांनी बराच वेळ बघितलं. मग पडाव हाकणाऱ्या तांडेलाला हातानं खूण केली आणि पडाव रिकामा फिरला.

पुढचं वर्ष कठीण गेलं. मजुरीचे तांदूळ हुकले. गावानं नाचणीची आंबील पिऊन दिवस काढले, आणि तेव्हा काहींनी आवडीला शिव्याही दिल्या. तिनं ऐकून घेतल्या. पण काही वर्षांनी पुन्हा तसंच वादळ आलं. रात्रभर रान कण्हत होतं. सकाळी माणसं शेतावर गेली तेव्हा बांध जागेवर होता, भात आडवं झालं होतं पण गोड्या पाण्यात होतं. त्यानंतर तिला कोणी काही म्हटलं नाही.

आवडीचं काम मात्र संपलं नव्हतं. कांदळाची शेंग झाडावर असतानाच रुजते, चिखलात रोवली की उभी राहते. श्रावणात ती शेंगांची पाटी भरायची, जनाईला होडीत बसवायची आणि कोंडसरला जायची. पहिली शेंग जनाईनं लावली. अर्ध्या शेंगा लाटा घेऊन जायच्या. पुढच्या श्रावणात दोघी पुन्हा जायच्या. जनाई गेल्यावर आवडी आणि साबाजी जाऊ लागले, साबाजी गेल्यावर गावातल्या सुना तिच्याबरोबर जाऊ लागल्या.

आवडीचे केस पांढरे झाले, तोवर कोंडसरच्या कडेला रान उभं राहिलं होतं. एका श्रावणात ती जुन्या विहिरीवर गेली. पोहरा सोडला, पाणी काढलं आणि जिभेवर एक थेंब ठेवला. मग ओंजळ भरून प्यायली. बरोबरच्या सुनांना वाटलं, म्हातारी हसेल. ती काठावर बसली, जनाईचं नाव घेतलं आणि म्हणाली, "आयेक सांगूक व्हया होता." आणि रडली.

तिचा शेवट कसा झाला, हे कोणी बघितलं नाही. एका ओहोटीला ती पाटी घेऊन रानात शिरली आणि परत आली नाही. कालवांनी भरलेली पाटी मुळाला अडकवलेली सापडली. कोणी म्हणतात, बुडाली. हुरमाळ्यातले तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, आत गेली.

कोंडसर आता पुन्हा नांदतं आहे. आणि हुरमाळ्यात अजूनही खाडीबद्दल काही ठरवायचं असेल, तर सभा देवळात भरत नाही. ओहोटीला सगळे खाली उतरतात आणि चिखलात बसतात. ज्याला झाड तोडायचं आहे किंवा भराव घालायचा आहे, त्यानं सगळ्यांच्या पुढे, पाण्याच्या बाजूला बसायचं आणि आपलं म्हणणं मांडायचं. भरती आली आणि तो उठला, की त्याची मागणीही उठली.

मध्यंतरी शहरातून काही साहेब आले होते. रान काढून तिथं कोळंबीचे तलाव करायचे होते. रीत सांगितल्यावर ते बूट काढून बसले, कागद मांडीवर घेतले आणि बराच वेळ बोलले. गावानं सगळं शांतपणे ऐकलं. पाणी कागदांना लागलं तेव्हा एका साहेबांनी शेजारच्या आजीला विचारलं, "अजून किती वेळ बसायचं?"

आजी म्हणाली, "आमी आसंव हयसर. तुमका जावचा आसात तर जावा."

साहेब उठले. गाव बसून राहिलं. विषय संपला तरी पाणी कमरेला लागेपर्यंत तिथं कोणी उठत नाही. त्याला आवडीचं बसणं म्हणतात.