पाच हंसांचा काठ

आमच्या घरी वेगळ्या जातीचा, वापरलेला संगणक येणार आहे. सौदा पक्का होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, असं बाबांनी बजावलं आहे. पण या गोष्टीत संगणक नाही, माग आहे. म्हणून सांगते.

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक विणकरीण राहत होती. तिच्या लुगड्यांच्या काठावर पाच हंस असत, एकासारखा दुसरा नाही. नक्षी तिच्या आईची. ती कुठे लिहिलेली नव्हती. मागाच्या वर शेकडो दोऱ्या बांधलेल्या होत्या, त्यांच्या गाठींत ती होती. दोऱ्या क्रमाने ओढल्या की हंस उतरत.

एकदा बाजारात तिने निराळाच माग पाहिला. त्याला दोऱ्या नव्हत्या, भोकं पाडलेल्या लाकडी पट्ट्या होत्या. पट्टी सरकली की नेमके हवे ते धागे आपोआप उचलले जात. कसे बरं? ती दुपारपर्यंत तिथेच उकिडवी बसून बघत राहिली. किंमत ऐकली आणि उठली.

"वापरलेला एक आहे माझ्याकडे," व्यापारी म्हणाला. "तुमचा जुना माग द्या, वर एक शेळी द्या. उद्या गाडी घेऊन येतो."

घरी येऊन तिने आढ्यावरच्या पालीला बातमी सांगितली.

"आणि हंस कसे येणार नव्या मागावर?" पालीने विचारलं.

"वीस वर्षं विणतेय मी. बोटांना पाठ आहेत."

"मग डोळे मिटून गाठी सांग बघू."

"तू आपली भिंत सांभाळ!" विणकरीण हसली.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने नवा माग अंगणात उतरवला आणि जुन्याच्या दोऱ्यांवर विळा उगारला.

"अहो, हे काय करताय?"

"मला लाकूड हवंय, बाई. हा गुंता कशाला नेऊ?"

तिने घाईघाईने पहिला हंस आठवून पाहिला. चोच आठवली, मान आठवली. पुढे काहीच नाही. नमुना बघावा, तर घरात एकही काठ नव्हता. विणलेला प्रत्येक तिने विकला होता.

"थोडं थांबता का, दादा?"

"बैल पाणी पिऊन येईपर्यंत. नाहीतर हा माग पलीकडच्या गावात देतो."

नव्या मागावरून तिची नजर हटेना. नाही म्हणवेना. हाती लागेल तो धागा घेऊन ती जुन्या मागावर बसली. बैल परतले तेव्हा एक हंस पुरा झाला होता आणि दुसऱ्याची नुसती चोच. मग विळा चालला.

त्या एका हंसाचे धागे मोजून मोजून तिने पट्ट्यांना भोकं पाडली. नवा माग झरझर चालला, चौपट काठ निघू लागले. पण जुनं गिऱ्हाईक हटकून विचारी, "काय गं, बाकीचे चार कुठे उडाले?" ती खाली बघे. वर पाल चुकचुके.

म्हणून, नवं कितीही स्वस्तात मिळो, जुनं देण्याआधी त्यातलं आपलं काढून घ्यावं.

आमचा जुना संगणक न्यायला माणूस आज चार वाजता येणार आहे, आणि त्यात ताईच्या आवाजातली सगळी गाणी... आले, बाबा! पण त्यांना जरा थांबायला सांगा, मला आधी त्यातली गाणी काढून...