वळचणीचं पोळं

त्या दिवशी सकाळी धुकं होतं, आणि ऊन वर आलं तसा वारा सुटला. माघातला वारा तो, कोरडा, अंगाला चरचरणारा. असल्या वाऱ्यात शहाणा माणूस चिलीमसुद्धा आडोशाला जाऊन पेटवतो. पण एका गावात एक गुळव्या होता, फार पूर्वीची गोष्ट आहे ही, त्यानं नेमक्या त्याच दिवशी आपल्या वळचणीखाली जाळ धरला. का धरला, ते सांगतो.

गुळव्याचं गुऱ्हाळ घराच्या अंगणातच होतं. उसाचा रस काहिलीत आटवायचा आणि गूळ करायचा, हे त्याचं काम. रस आटेपर्यंत तो धीर धरायचा. बाकी कशालाच त्याला धीर नव्हता.

त्याच्या ओसरीवर रसाची घागर कायम उघडी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यावं, ही गुऱ्हाळाची रीत. माणसं प्यायची, तशा गांधीलमाशाही प्यायच्या. त्यांनी तिथंच वर, पाचटाच्या छपराला पोळं धरलं. आधी सुपारीएवढं होतं, बघता बघता नारळाएवढं झालं.

घरात लेक बाळंतपणाला आलेली. नातवाचं बारसं उद्यावर आलेलं. आणि त्या सकाळी एक माशी गुळव्याच्या कानाला डसली.

शेजारचा म्हातारा सुतार कुंपणाशी आला. कान बघून म्हणाला, "चांगला सुपाएवढा झालाय. आता तरी ऐकायला येईल."

"थट्टा नको, सुतारबाबा. आज मला डसली, उद्या पाळण्यात शिरेल."

"मग ती घागर झाक आणि ओसरीवरून हलवून गुऱ्हाळाशी ने. मागच्या दारानं ये-जा करा. पोळ्याला हात लावू नको. खायला मिळेना झालं की त्या आपणच जागा सोडतील. तोवर बारसं माझ्या पडवीत करू."

"माझ्या नातवाचं बारसं दुसऱ्याच्या पडवीत? लोक म्हणतील, गुळव्याला माशीनं घराबाहेर काढलं."

"म्हणू देत. घुगऱ्यांनी तोंड भरलं की लोक गप्प बसतात."

गुळव्याला ते लागलं. सुतार कामाला गेला आणि यानं लांब बांबूच्या टोकाला वाळलेली चिपाडं बांधली.

बायको म्हणाली, "अहो, जरा थांबा. बाळ आत्ताच झोपलंय."

"त्याच्यासाठीच तर करतोय," म्हणत त्यानं चिपाडं पेटवली आणि पोळ्याखाली धरली.

पोळं पेटलं, माशा पटापट खाली पडल्या. गुळव्याच्या तोंडावर हसू आलं, आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. जाळ पोळ्यावरून पाचटावर गेला. वाळलेलं पाचट ते. डोळ्याचं पातं लवायच्या आत अर्ध्या छपरानं पेट घेतला.

आत लेक, आत बाळ. दारात वाचलेल्या, चवताळलेल्या माशांचा घोंगावता पडदा. गुळव्यानं बांबू फेकला आणि तो तसाच आत घुसला. तोंडावर, मानेवर, पाठीवर माशा डसत होत्या, त्याला एकही कळली नाही. त्यानं बाळ गोधडीत गुंडाळून छातीशी धरलं, लेकीचा हात ओढला, आणि मागच्या दारानं दोघांना बाहेर काढलं.

सुतार धावत आला, पाठोपाठ आळी धावली. विहीर लांब होती. अंगणात काहील मात्र काठोकाठ भरलेली, सगळ्या मळ्याचा रस तिच्यात, खाली जाळ घालायचा बाकी होता.

सुतारानं गुळव्याकडे पाहिलं. गुळव्यानं काहिलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ओता."

घागरीमागून घागर गेली. आग विझली. अर्धं छप्पर गेलं, अर्धं राहिलं, आणि राहिलेल्या वाशांवरून, भिंतींवरून, उंबऱ्यावरून गोड रस ठिबकू लागला.

मग काय विचारता. बारशाचं आवतण अजून गावात द्यायचं होतं, पण माशा-मुंग्यांना ते आधी पोचलं. पंचक्रोशीतल्या गांधीलमाशा आल्या, मधमाशा आल्या, मुंगळ्यांच्या रांगा लागल्या. घरात पाय ठेवायची सोय राहिली नाही. एक पोळं हाकलायला गेलेल्या गुळव्याला बिऱ्हाड घेऊन सुताराकडे जावं लागलं, आणि बारसं तिथंच झालं.

पाहुणे गेल्यावर सुतार त्याच्या सुजलेल्या पाठीवर कांद्याचा रस चोळत बसला. गुळव्या हळूच म्हणाला, "बाबा, मी वाईट करायला गेलो नव्हतो."

सुतार जे म्हणाला, तेच या गोष्टीचं तात्पर्य:

"ते खरं रे. पण दुखणं केवढं ते बघून औषध करावं. माशीचा डंख दोन दिवसांत उतरतो, जळलेलं घर दोन दिवसांत उभं राहत नाही."