न सांगितलेली युक्ती

एका ओढ्याकाठी, पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची वस्ती होती. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी साऱ्याजणी खालच्या फांदीवर जमत आणि आदल्या दिवशी जे कळले ते एकमेकींना सांगत. "पलीकडच्या बांधावर गवताची पाती लांब निघतात," एक म्हणे. "वेळूच्या बेटात साप फिरतोय, जपून जा गं," दुसरी बजावे. एक वयस्क सुगरणही तिथे बसे. तिच्यासारखे पक्के घरटे कुणाचेच नसे. ती सगळ्यांचे ऐकून घेई, त्याप्रमाणे वागे. स्वतः मात्र कधी चोच उघडत नसे.

घरटे विणून होत आले की ती ओढ्यातून ओल्या चिखलाचे गोळे आणून आतून थापी. त्या वजनाने तिचे घरटे वाऱ्यात फारसे हेलकावत नसे. तिची शेजारीण पहिल्यांदाच अंडी घालणार होती. तिने एकदा विचारले, "मावशी, चिखल कशाला गं नेतेस?"

वयस्क सुगरणीला वाटले, ही युक्ती सगळ्यांना कळली, तर मग माझे कौतुक कोण करणार? ती म्हणाली, "काही नाही गं, जुनी सवय आहे." शेजारणीने विश्वास ठेवला.

पुढे एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. हलकी घरटी गरगर फिरू लागली आणि त्यांतली अंडी एकामागून एक ओढ्यात पडली. वारा शमला तेव्हा वयस्क सुगरणीची अंडी तेवढी शाबूत होती. शेजारीण रिकाम्या घरट्याच्या तोंडाशी बसली होती.

"मावशी, तो चिखल यासाठीच होता ना?"

"हो," सुगरण कशीबशी म्हणाली.

"मी विचारलं होतं गं तुला."

दुसऱ्या सकाळी सुगरण सर्वांच्या आधी खालच्या फांदीवर जाऊन बसली. चिखल किती ओला हवा, कुठे थापायचा, सारे सांगायचे तिने ठरवले होते. ऊन वर आले, तरी कुणी आले नाही. बाकीच्या पहाटेच दुसरे झाड शोधायला निघून गेल्या होत्या. तिने पुष्कळ हाका मारल्या. काही दिवसांनी तिची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली, पण त्यांचे कौतुक करायला त्या बाभळीवर कुणीच उरले नव्हते.

तात्पर्य : आपल्याला ठाऊक असलेले वेळीच सांगावे, वेळ गेल्यावर सांगायला ज्ञान उरते, ऐकायला माणसे उरत नाहीत.