भाकरीच्या पुढची ओळ

खूप खूप वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि तो असावा असं कुणाला वाटतही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी आणि मध्ये केळीच्या वाड्या, असं एक ख्रिस्ती गाव होतं. गावचं देऊळ लहान आणि घंटा मोठी. पाद्री मात्र गावाला स्वतःचा नव्हता. तो पलीकडच्या तीरावरून होडीने यायचा. भरतीबरोबर यायचा आणि ओहोटीबरोबर जायचा, कारण ओहोटी लागली की खाडीत नुसता चिखल. त्यामुळे मुलांना प्रार्थना शिकवायची ती घरीच, आईबापांनी.

त्या गावात बस्त्याव आणि कातरीन हे जोडपं राहायचं. बस्त्याव वाडी बघायचा. कातरीन पिकली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करायची. तिच्या सुकेळ्यांना मधासारखी गोडी होती. जिभेबद्दल तसं म्हणता येत नसे.

तिन्हीसांजेची घंटा झाली की दोघं ओट्यावरच्या क्रुसासमोर गुडघे टेकायची. प्रार्थना एकच, प्रभूने शिकवलेली, गावच्या बोलीत घोळून घोळून गुळगुळीत झालेली. आधी स्वर्गातल्या बापाचं नाव. मग, "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे." मग, "आमची आजची भाकर आम्हाला दे." मग, "आमचे अपराध पोटात घाल, जसे आम्ही दुसऱ्यांचे पोटात घालतो." आणि शेवटी, "वाइटापासून सोडव. आमेन."

आमेन झालं की बस्त्याव उठायचा. कातरीनचं खरं तिथून सुरू व्हायचं. कोंबडी अंडं देईना, हरवलेला कोयता सापडेना, उद्या ऊन पडू दे, सगळं ती देवाला सांगायची.

"अगं, देव आहे की आपला गडी?" बस्त्याव हसायचा. "त्याला ठाऊक नाही का काय हवंय ते?"

"ठाऊक असलं तरी मागावं लागतं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही," कातरीन म्हणायची.

हे त्यांचं रोजचं लाडाचं भांडण होतं. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पुढे त्यांना मुलगी झाली. तिचं नाव फिलू. पाळण्यातच होती, तेव्हा तिला ताप भरला. असा ताप, की पोर डोळे उघडेना, दूध घेईना. कातरीन क्रुसासमोर बसली आणि मागत राहिली. गुडघे सोलले, तरी उठली नाही. बस्त्याव पाळण्याशी बसून ओल्या फडक्याच्या घड्या बदलत होता. घंटा झाली तेव्हा त्याने डोळे मिटले आणि हलकेच म्हणाला, "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे."

कातरीनने ते ऐकलं आणि तिच्या काळजात चर्र झालं. ह्या माणसाने पोर देऊन टाकली, असं तिला वाटलं.

सकाळी ताप उतरला. फिलूने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. दोघं हसली, रडली. शेजारपाजार जमला. आणि बघा माणसाचा स्वभाव! दुःखात जी एकमेकांना धरून होती, ती सुखात फुटली.

"मी मागून घेतली हिला," कातरीन आल्यागेल्याला सांगू लागली. "बापाने तर एक शब्द मागितला नाही."

"ज्याची होती त्याच्या हातात दिली, म्हणून त्याने परत दिली," ओट्यावरून बस्त्याव म्हणाला.

"दिली? कुणाला विचारून दिलीत?"

शेजारणी हसल्या. संध्याकाळपर्यंत मात्र त्या घरात कुणी हसत नव्हतं.

"तुझी प्रार्थना म्हणजे बाजारहाट," बस्त्याव म्हणाला. "मीठ दे, तेल दे. नुसती पोपटपंची."

"आणि तुमची म्हणजे हात झटकून मोकळं होणं," कातरीन म्हणाली. "उद्यापासून तुमची तुम्ही म्हणा, माझी मी म्हणेन."

घर वाटून घेतलेले भाऊ तुम्ही पाहिले असतील. वाडी, विहीर, भांडीकुंडी वाटून घेतलेलेही पाहिले असतील. ह्या दोघांनी प्रार्थना वाटून घेतली. बस्त्याव ओट्यावर बसायचा आणि "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे" इथपर्यंत म्हणून थांबायचा. त्याच्या पुढे सगळं मागणं होतं, आणि मागायचं नाही हा त्याचा हट्ट. कातरीन आत चुलीपाशी बसायची आणि थेट भाकरीपासून सुरू करायची. तिची बाजू ठरलेली होती.

पण पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. भाकर मागून झाली आणि पुढची ओळ आली. "आमचे अपराध पोटात घाल, जसे आम्ही दुसऱ्यांचे..."

इथे कातरीनची जीभ अडली. दुसरा कोण, ते तिला पक्कं ठाऊक होतं. दुसरा बाहेर ओट्यावर बसला होता. त्याचा अपराध तिने पोटात घातला नव्हता आणि घालायचा तिचा विचारही नव्हता. कातरीन भांडखोर होती, पण खोटारडी नव्हती. देवासमोर खोटं कसं बोलायचं? तिने ती ओळ ओलांडली आणि पुढे म्हणाली, "वाइटापासून सोडव. आमेन."

उद्या म्हणू, असं तिने स्वतःला सांगितलं. तो उद्या काही आला नाही.

तेव्हापासून तिला स्वस्थता म्हणून राहिली नाही. घंटा वाजायच्या आधीच तिची घालमेल सुरू व्हायची. भाकरीपाशी आली की ती उगाच उठायची, झाकलेलं भांडं पुन्हा झाकायची, नसलेली कोंबडी हाकलायची, आणि उडी मारल्यासारखी शेवटच्या ओळीवर यायची. भातात खडा लागावा तशी ती ओळ रोज लागायची. देवाकडे तिने सगळं मागितलं, ऊन मागितलं, अंडी मागितली. मनाला थारा मात्र मिळेना. ओट्यावरचा माणूस आपली ओळ म्हणून गुडघे झटकून उठला की तिला त्याचा राग यायचा. ह्याला कसं सुचतं हे शांत बसणं? आपणच का जळतोय?

बस्त्यावही शांत नव्हता, पण ते तिला दिसत नव्हतं. मागायचं नाही असं ठरवलेला माणूस वाडीत केळीच्या बुंध्याशी उभा राहून तासन्‌तास नुसता पाण्याकडे बघायचा.

फिलू मात्र वाढत होती. ओट्यावरून चुलीकडे आणि चुलीकडून ओट्यावर धावत होती. बापाच्या मांडीवर बापाचे शब्द ऐकत होती, आईच्या पदराशी आईचे. कुणी मुद्दाम शिकवलं नाही, तरी पोरीने प्रार्थना जुळवली. ती पुटपुटत अंगणात खेळायची. कातरीनच्या मनात यायचं, हिला एकदा जवळ बसवून सगळी म्हणायला लावावी. पण तसं मनात आलं की तिला नेमकी वाळत घातलेली केळी आठवायची.

असं करता करता गावाच्या सणाचा दिवस आला. त्या दिवशी मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा, म्हणजे देवळातली पवित्र भाकर पहिल्यांदा जिभेवर घ्यायची. त्याआधी प्रत्येकाने पाद्रीसमोर उभं राहून प्रार्थना म्हणायची, अशी रीत. पाद्री म्हातारा होता, पायाने अधू होता आणि पुढच्या सणाला आपण येऊ याची त्याला खात्री नव्हती.

फिलूने पांढरा झगा घातला होता. तिची पाळी आली. ती ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणू लागली. स्वर्गातल्या बापाचं नाव आलं. "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे" आलं. "आमची आजची भाकर आम्हाला दे" आलं. "वाइटापासून सोडव. आमेन," असं म्हणून तिने हसून आईकडे पाहिलं.

देवळात कुजबुज झाली. पाद्री पुढे वाकला. "बाय, मधली ओळ राहिली."

"कुठली, फादर?"

"भाकरीच्या पुढची."

फिलूने आठवून पाहिलं. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "ती आमच्या घरात नाही, फादर."

कुणीतरी फिसकन हसलं. कातरीनला वाटलं, देवळाची फरशी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. लोक हसले याची लाज होतीच. पण पोरीने जे सांगितलं ते खरं होतं, आणि ते तिने भर देवळात, काही वाईट बोलतोय हे ठाऊकही नसताना सांगितलं होतं.

पाद्री रागावला नाही. तो म्हणाला, "पाणी ओसरायला लागलंय. मी बाकीच्या मुलांची ऐकतो. तोवर हिला ती ओळ शिकवून आणा. नाही जमलं, तर पुढच्या सणाला जो कुणी येईल त्याच्यासमोर म्हणेल."

कातरीन फिलूला घेऊन देवळामागच्या विहिरीपाशी गेली. पोरीचा हात हातात घेतला. एवढीशी तर ओळ. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा तेच झालं. जीभ अडली. तिने विहिरीभोवती एक फेरी मारली, परत आली, पदराने तोंड पुसलं. शब्द येईनात.

"आई, तुलापण येत नाही?" फिलूने विचारलं. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं.

तेवढ्यात बस्त्याव आला. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"तुम्ही शिकवा," कातरीन म्हणाली. "माझ्याने होत नाही."

"मलाही कुठं जमतंय?" तो म्हणाला. "ती ओळ मागण्याची आहे. मागणं मी सोडलं."

"अहो, पोरीसाठीसुद्धा मागवत नाही तुमच्याने? तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही?"

बस्त्याव फिलूकडे न बघता म्हणाला, "तेव्हा मला भीती वाटली, कातरीन. मागितलं असतं आणि नाही म्हणाला असता, तर? परत त्याच्याकडे तोंड वर करून बघता आलं नसतं मला. पोर गेली असती आणि देवही गेला असता. म्हणून मी मागितलं नाही. तू त्याला हात झटकणं समजलीस, लोक शहाणपण समजले. ती नुसती भीती होती."

इतकी वर्षं कातरीनला वाटत होतं, ह्या माणसाने पोर देऊन टाकली. आणि तो तर हातपाय गाळून बसला होता. गावभर आपणच सांगत सुटलो, बापाने एक शब्द मागितला नाही. आणि त्याने आपली भीती कधी बोलून दाखवली नाही. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याची दया आली, दोन्ही एकदम.

खाडीवरून नावाड्याची हाक आली. "फादर, पाणी चाललं!"

बस्त्यावने खाली गुडघे टेकले, तिथेच, विहिरीकाठच्या चिखलात. कधी काही न मागितलेला माणूस म्हणाला, "आमचे अपराध पोटात घाल..."

आणि तिथे थांबला. पुढचं त्याचं नव्हतं. कातरीन त्याच्या शेजारी टेकली. रोज सगळं मागणाऱ्या बाईला आता काहीतरी द्यायचं होतं. "जसे आम्ही," ती म्हणाली, "जसे आम्ही दुसऱ्यांचे पोटात घालतो."

फिलूने दोघांकडे पाहिलं. "भाकर पोटात जाते ते कळलं. पण अपराध पोटात कसा घालायचा? तू घातलास का आई?"

कातरीन खोटारडी नव्हती, हे मी आधीच सांगितलंय. ती म्हणाली, "आत्ता पहिला घास घेतलाय, बाय. कडू आहे. सगळा एकदम जात नाही. म्हणून तर ही ओळ रोज म्हणायची."

फिलू धावत देवळात गेली. ती ओळ तिने म्हटली, अर्धी बापाच्या सुरात आणि अर्धी आईच्या, कारण तिने ती तशीच ऐकली होती. पाद्रीने डोळे मिटून ऐकली आणि तिच्या जिभेवर प्रसाद ठेवला. तो होडीत बसला तेव्हा किनाऱ्यावर चिखल दिसू लागला होता.

त्या दिवसानंतर नवराबायकोचं प्रार्थनेबद्दल एकमत झालं का? छे. बस्त्याव म्हातारा होईपर्यंत म्हणत राहिला की देवाला सगळं ठाऊक असतं. कातरीन हरवलेला कोयता देवाकडेच मागत राहिली. तो आपल्या ओट्यावर सुरुवात करायचा, ती आपल्या चुलीपाशी. पण भाकरीच्या पुढची ओळ आली की तो ओट्यावरून उठायचा, ती चुलीपासून उठायची, आणि दोघं उंबरठ्याशी येऊन ती ओळ मिळून म्हणायची. काही संध्याकाळी ओळ लगेच तोंडातून निघायची. काही संध्याकाळी दोघांना तिथे बराच वेळ उभं राहावं लागायचं.

लहानथोर सगळ्यांनी ह्या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: प्रार्थना कशी करावी यावरून जे भांडतात, त्यांच्या प्रार्थनेतून आधी क्षमाच गळते.