बाजेवरून दिलेला निकाल

वस्तुसंग्रहालयात शिष्यवृत्तीच्या अंतिम फेरीसाठी निवडलेल्या सात तरुण कलाकारांचं प्रदर्शन लागलं आणि परीक्षक म्हणून आले अच्युतराव ओगले. घायपाताचे दोर वळणाऱ्या घरातली वैजयंता लोखंडे त्या सातांतली एक. ती खांबापाशी उभी होती.

फेरी अर्धी झाली तसे अच्युतरावांचे गुडघे कुरकुरले. दालनात मधोमध बाज होती, तिच्यावर ते टेकले आणि तिथूनच एकेकाला झोडपू लागले. "यात दम नाही! माणसाला थांबवतं, तेच खरं काम!" हळूहळू पाय वर आले, चहा झाला, पाऊण तास गेला.

"वैजयंता लोखंडे कोण? काम कुठंय तुझं?"

"तुम्ही बसलाय ते, सर. दोर मी वळले, बाज मी विणली. पायथ्याला 'बसून पाहा' अशी पाटीही आहे."

अच्युतराव गोरेमोरे झाले. "बाज म्हणजे काय कला झाली?" त्यांनी यादीतलं तिचं नाव खोडायला पेन उघडलं.

"खोडा ना," वैजयंता म्हणाली. "बाकीच्यांपुढे तुम्ही मिनिटभर थांबला नाहीत, माझ्या कामावरून पाऊण तास हलला नाहीत. नाव खोडायचं तर आधी उठा."

दालनात खसखस पिकली. अच्युतरावांनी उठायचा विचार करून पाहिला. मग बसल्या बसल्याच तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.