डुमिंगची पेटी आणि इनासची भाकर

डुमिंगला कुणीतरी फसवलं होतं. जे सोबत नेता येत नाही ते नेता येतं, असं त्याला आयुष्यभर सांगितलं होतं, आणि शेवटी तसंच करून वर झाकण ठोकलं होतं.

फार वर्षं झाली या गोष्टीला. खाडीकाठच्या उंबरखार गावात तेव्हा इनास नावाचा माणूस कबरी खणायचा. मिठागरांचा मालक डुमिंग वारला, तेव्हा त्याच्या हातांत सोन्याने भरलेली पेटी देऊन त्याला पुरलं. मुलगा पेद्रूने बापाला तसा शब्दच दिला होता. चर्चमागच्या कबरस्थानात जागा थोडी, म्हणून डुमिंगची कबर आली ती इनासच्या बायकोशेजारी, जासिंतशेजारी.

आठ दिवसांत ती वीतभर खचली. इनासने माती टाकली. रविवारपर्यंत ती पुन्हा खचली. पेद्रूने वर संगमरवरी दगड बसवला, तर दगडही खाली गेला. भर दुपारी तिथं कान लावला की कुणी ओझं ओढत नेतंय असा आवाज यायचा, असं म्हणतात.

इनासला आवाजाची भीती नव्हती. पण जासिंतचा लाकडी क्रूस डुमिंगकडे कलायला लागला होता. तिच्या कबरीला भेग पडली होती, आणि रोज ती बोटभर रुंदावत होती.

तो पेद्रूकडे गेला.

"पेटी काढू दे. तुझा बा खाली चाललाय."

"मेलेला माणूस कुठं चालतो रे?"

"चालत नाही, बुडतो. आणि माझ्या बायकोला सोबत ओढतोय."

"तुझं काम माती टाकायचं. माती टाक."

इनासने माती टाकली नाही. फादरांची परवानगी घेऊन, दुपारची घंटा झाल्यावर तो खणायला उतरला. छातीइतकं खणलं, दोन पुरुष खोल खणलं. वर आभाळ ताटाएवढं उरलं, तेव्हा डुमिंग सापडला. शवपेटीचं झाकण उघडलं, तर हातातली जपमाळ गळून पडली होती. दहाही बोटं पेटीभोवती आवळलेली होती.

इनासने पेटी ओढली. ती हलली नाही. उलट पायाखालची जमीनच खाली जाऊ लागली. आता जासिंतच्या बाजूने मातीची ढेकळं त्याच्या खांद्यावर पडत होती. मग त्याने ओढणं सोडलं, गुडघे टेकले आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागला. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे', एवढं म्हणून झालं आणि डुमिंगची बोटं एकेक करून उघडली. अंधारात कुणीतरी सुस्कारा सोडला. तो इनासचा नव्हता, असं म्हणतात.

इनासने त्या हातात जपमाळ ठेवली आणि पेटी दोराने वर पाठवली. खणल्याचं कळून धावत आलेल्या पेद्रूने वर ती उचलली मात्र, त्याचे पाय घोट्यापर्यंत जमिनीत रुतले. त्याने ती तिथंच टाकली, आणि मग कितीतरी वेळ बापासाठी रडला. ते सोनं विकून तांदूळ घेतला, आणि सगळं गाव तो जेवलं. इनासने आपल्यासाठी काही घेतलं नाही. जासिंतचा क्रूस तेवढा सरळ करून घेतला.

पुढं इनास गेला, तेव्हा त्याची शवपेटी इतकी हलकी लागली की खांदेकऱ्यांनी वाटेत थांबून झाकण उघडून पाहिलं. इनास होता आत, हसऱ्या तोंडाने. त्याची कबर कधी खचली नाही. दरवर्षी तांदळाच्या दाण्याएवढी वर येते, असं म्हणतात.

म्हणून उंबरखारला आजही झाकण लावण्याआधी मेलेल्याच्या बोटातली अंगठी काढतात. आणि मृतांच्या दिवशी प्रत्येक घरातून इनासच्या कबरीवर तांदळाची भाकर जाते. येईल त्याला ती वाटतात आणि सूर्य मावळायच्या आत संपवतात.

एकदा शहरातून आलेल्या एका पाहुण्याने अर्धी भाकर रुमालात बांधली. फाटकाशी मेणबत्त्या विकत बसलेल्या कोंसूमावशीने त्याला हटकलं.

"इथंच खाऊन टाक, बाबा. उद्यासाठी ठेवलीस तर घरापर्यंत उचलवणार नाही."